वसईच्या समोरचा किनारा

वसईचा किल्ला पाहावयास गेलेला प्रवासी दर्यादरवाजाबाहेर येऊन खाडीच्या कांठीं उभा राहिला म्हणजे त्याची नजर सहजच दक्षिणेकडे जाते. मध्यें रुंद, गढूळ पाण्याचा पट्टा. पलीकडे झाडीनें काळवंडलेली बुटकी टेकडी. तिच्या पायथ्याशीं कांहीं होड्या. बरोबर कोणी वाटाड्या असला तर तो "तें पलीकडे भाईंदर, उत्तन" एवढेंच सांगतो, आणि प्रवासी पुन्हा आंतल्या पडक्या प्रार्थनामंदिरांकडे वळतो. ज्या टेकडीकडे त्यानें अशी पाठ फिरविली तिच्यावर तोफा कोणाच्या, या एका प्रश्नावर १७३९ सालीं वसईचें जगणेंमरणें अवलंबून होतें, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. कारण त्या टेकडीच्या छायेंत राहणाऱ्या नागरिकांनाही तें बहुधा ठाऊक नसतें. सुटीच्या दिवशीं हे नागरिक लोकलगाडींत बसून गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग किंवा घारापुरी पाहावयास जातात, आणि गांवाकडून पाहुणा आला तर "आमच्या भाईंदरांत पाहण्यासारखें काय आहे?" असें म्हणून त्यालाही त्याच गाडींत बसवितात.

हा समज होण्यास आधुनिक वस्ती पुष्कळशी कारण झाली आहे. मिरा-भाईंदर हें शहर म्हणून फार वयाचें नाहीं. १९८५ सालीं भाईंदर, मिरा, काशी, नवघर, घोडबंदर हीं गांवें एकत्र करून येथें नगरपरिषद स्थापन झाली. पुढें उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा हीं किनाऱ्याकडचीं गांवें तिला जोडलीं गेलीं. आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजीं तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतींत लोकसंख्या ५,२०,३८८ होती, ती दहा वर्षांत ८,०९,३७८ झाली. इतक्या वेगानें माणूस जेथें येऊन राहतो तेथें त्याला घर, पाणी आणि सकाळच्या गाडींत उभें राहण्यापुरती जागा यांचीच विवंचना असते. पायांखालच्या जमिनीचा इतिहास विचारण्यास त्याला सवड कोठून असणार? मिरारोड या स्टेशनाचें नांव संत मीराबाईवरून पडलें असावें असें मानणारेही पुष्कळ आढळतात. वस्तुतः तें जवळच्या मिरा या खेड्याचें नांव आहे, आणि खेडें आगगाडीहून जुनें आहे.

नकाशा पुढें घेतला म्हणजे या भूमीचें महत्त्व पहिल्याच दृष्टिक्षेपांत कळतें. साष्टी बेटाचा हा वायव्येकडील कोपरा होय. कल्याण आणि ठाणें यांच्या अंगावरून येणारी उल्हास नदी खाडी होऊन डोंगराला वळसा घालते व येथें समुद्रास मिळते. त्या खाडीच्या उत्तर तीरावर वसई आणि दक्षिण तीरावर भाईंदर. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस व आग्नेयेस आज राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला डोंगर, आणि या दोहोंच्या मध्यें भरतीला पाणी व ओहोटीला चिखल अशी खाजणांची सपाटी. अगदीं पश्चिमेकडे, समुद्राला लागून, उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी, गोराई, मनोरी या गांवांची एक लांबट उंच पट्टी आहे. मनोरीच्या खाडीनें व खाजणांनीं ती मुख्य साष्टीपासून तुटलेली असे, म्हणून तिला धारावी बेट असें नांव होतें. ही धारावी म्हणजे माहीमजवळची, मुंबई शहरांतील, चामड्याच्या व कुंभारकामाच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध असलेली धारावी नव्हे. नामसादृश्यामुळें अनेक वाचकांची फसगत झाली आहे, आणि चिमाजीअप्पानें माहीमच्या दलदलींत किल्ला घेतला अशी त्यांची समजूत होऊन बसते.

पाहणाऱ्यानें आरंभ पूर्वेकडून, घोडबंदरापासून करावा हें उत्तम. डोंगर खाडीजवळ येऊन पात्र जेथें आंवळतें तेथें, एका टेकडीवर, हा किल्ला आहे. आखाती देशांतील घोडे येथें उतरत, म्हणून घोडबंदर, अशी व्युत्पत्ति सर्वत्र सांगितली जाते. ती खरी असेल. परंतु नांवावरून रचलेल्या कथा इतक्या सोयीस्कर असतात कीं त्यांवर विसंबून राहण्यापूर्वीं थोडें थांबलेलें बरें. २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, तेव्हांपासून हा टापू दोन शतकें त्यांच्याकडे होता. १६७२ सालीं शिवाजी महाराजांच्या सैन्यानें घोडबंदरावर हल्ला केला व तो परतविला गेला, असें ठाणें जिल्ह्याचें जुनें गॅझेटियर सांगतें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १६७५ मध्यें, जॉन फ्रायर नांवाचा इंग्रज वैद्य साष्टींतून वसईस गेला. वाटेंत त्याला हें गांव लागलें, आणि तेथें एका पोर्तुगीज सरदाराचा भव्य वाडा आढळल्याचें त्यानें नमूद करून ठेविलें आहे. म्हणजे त्या काळीं घोडबंदर हें केवळ चौकीचें ठिकाण नव्हतें; तेथें ऐश्वर्य नांदत होतें.

आज टेकडीवर चढल्यावर बुरूज व तट दिसतात. तेवढ्यावर समाधान मानून खालीं उतरणाऱ्यानें अर्धा किल्ला पाहिलाच नाहीं असें समजावें. उत्तरेकडे तोंड करून उभें राहावें. खालीं खाडीचें वळण, तिच्यावरून जाणारा महामार्गाचा पूल, पाण्याच्या कडेनें तिवरांची हिरवी किनार, आणि पलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर. ठाण्याहून पाण्यानें वसईस जाणाऱ्या प्रत्येक गलबताला या टेकडीखालून जाणें भाग होतें. जकात घेणाराला आणि तोफ डागणाराला यापेक्षां सोयीची जागा मिळणें कठीण. मुंबईचा जो रस्ता आज स्वामी विवेकानंद मार्ग म्हणून ओळखला जातो, त्याला कित्येक वर्षें घोडबंदर रोड हेंच नांव होतें; वांद्र्याहून निघालेला तो रस्ता येथें येऊन संपे. मुंबईकरांच्या तोंडीं या लहानशा गांवाचें नांव इतकीं वर्षें खेळत राहिलें तें या रस्त्यामुळें.

परंतु घोडबंदर ही खाडीची एक बाजू झाली. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, बाजू समुद्राच्या तोंडाशीं आहे. भाईंदर स्टेशनावरून पश्चिमेकडे जाणारी बस राई, मुर्धा, मोर्वा हीं गांवें मागें टाकून डोंगरीच्या चढणीला लागते. तेथून पुढें रस्ता उत्तन, पाली व चौक येथें जातो. चौकाजवळच्या टेकडीवर धारावीचा किल्ला होता. 'होता' असेंच म्हणावें लागतें. कांहीं पडका तट, बुरुजाची खूण, झुडपांत दडलेला घडीव दगड, यापलीकडे तेथें फारसें कांहीं उरलेलें नाहीं. रायगड किंवा सिंधुदुर्ग पाहिलेल्या डोळ्यांना तें पाहून निराशा होईल. ती होऊं नये यासाठीं तेथें काय घडलें तें ध्यानांत ठेवून जावें.

साष्टींतील हिंदु रयतेच्या धर्माचरणावर पोर्तुगीज अंमलांत जीं बंधनें होतीं त्यांचीं गाऱ्हाणीं पुण्यास जात होतीं. अंजूरचे गंगाजी नाईक यांनीं त्या कामीं केलेली खटपट साष्टीच्या बखरींत वाचावयास मिळते. मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि पाहतां पाहतां साष्टीचा बहुतेक भाग त्यांच्या हातीं आला. मुख्य शहर वसई मात्र पडेना. याचें कारण वसईची भिंत जितकी मजबूत होती तितकीच तिची पाठ मोकळी होती. जमिनीवरून वेढा घालणाऱ्या सैन्याला समुद्र अडवितां येत नाहीं. दारूगोळा, धान्य आणि ताजे शिपाई गोव्याहून व इतर पोर्तुगीज ठाण्यांहून गलबतांनीं येत, खाडीच्या मुखांत शिरत आणि किल्ल्याच्या दाराशीं उतरत. मराठ्यांनीं उत्तरेकडे कितीही मोर्चे लाविले तरी ही दक्षिणेकडची नाळ तुटल्याशिवाय वसई उपाशी राहणार नव्हती.

ती नाळ जेथून तोडतां येई अशी जागा धारावीची टेकडी. खाडीच्या मुखावर तिची सरळ नजर आहे. चिमाजीअप्पाच्या बाजूस हें प्रथमपासून उमगलें होतें, आणि म्हणूनच १७३७ सालींच मराठ्यांनीं येथें किल्ल्याचें काम सुरू केलें. पोर्तुगीजांनाही तें तितकेंच उमगलें होतें, म्हणून त्यांनीं तें स्थान मध्यंतरीं हिसकावून घेतलें. एका पडक्या टेकडीसाठीं दोन राज्यें दोन वर्षें झगडलीं, यावरून तिची किंमत काय ती ठरवावी. १७३८ च्या अखेरीस ठाणें परत घेण्याचा पोर्तुगीजांचा प्रयत्न फसला आणि त्यांत त्यांचा सेनापति पेद्रो द मेलो ठार झाला. १७३९ च्या जानेवारींत तारापूर पडलें. त्या लढाईंत बाजी भिवराव रेठरेकर कामास आला. उत्तरेकडचीं ठाणीं अशीं एकामागून एक निकालांत निघाल्यावर मराठ्यांचा रोख पुन्हा साष्टीच्या किनाऱ्याकडे वळला, आणि ६ मार्च १७३९ रोजीं धारावी त्यांनीं घेतली.

त्यानंतरचा इतिहास शाळेंत शिकविला जातो. सुरुंग उडाले, तट फुटला, दोन्हीकडचे हजारों लोक पडले, आणि मे महिन्यांत वसईनें शरणागतीचें निशाण दाखविलें. पांढऱ्या निशाणाचा हा प्रसंग ज्याच्या त्याच्या तोंडीं आहे. त्याआधीं दोन महिने पाण्याची वाट बंद झाली होती हें मात्र क्वचितच कोणी सांगतो. विजयी सैन्यानें वसईच्या प्रार्थनामंदिरांतील घंटा काढून नेल्या, त्या आज नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत व भीमाशंकरीं पाहावयास मिळतात. घंटेला नाद असतो म्हणून ती स्मरणांत राहिली. टेकडीला नाद नाहीं, ती विसरली गेली.

चौकाच्या टेकडीवरून वसईकडे पाहिल्यावर वरील सर्व हकीकत एका क्षणांत पटते. वसईच्या तटावरून ही टेकडी जितकी क्षुल्लक वाटते तितकाच येथून वसईचा किल्ला उघडा वाटतो. पुस्तकांत पानेंच्या पानें वाचून जो मुद्दा नीट बसत नाहीं तो येथें उभें राहिल्यानें बसतो. इतिहासाच्या शिक्षकांनीं वर्गाची सहल काढावी ती अशा ठिकाणीं. या डोंगरांतील खाणींचा दगड वसईच्या इमारतींसाठीं पोर्तुगीज नेत असत, असेंही जुनें गॅझेटियर नमूद करतें. म्हणजे वसई ज्या डोंगराच्या दगडानें उभी राहिली त्याच डोंगराच्या तोफांखालीं ती आली, असा हा योग.

मराठी अंमल साष्टींत पस्तीस वर्षें टिकला. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाणें घेतलें, त्याबरोबर साष्टी गेली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली. घोडबंदरची जुनी पोर्तुगीज वास्तु पुढें इंग्रज कलेक्टरांच्या मुक्कामाचा बंगला झाली. त्यापुढील पाऊणशें वर्षांत सांगण्यासारखें थोडेंच घडलें.

मग आगगाडी आली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी २८ नोव्हेंबर १८६४ रोजीं मुंबईस ग्रँटरोडपर्यंत येऊं लागली. तिच्यासाठीं वसईच्या खाडीवर पूल बांधावे लागले. मध्यें पाणजू नांवाचें बेट असल्यानें एका पुलाचे दोन झाले. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली, तिच्या थांब्यांच्या जुन्या यादींत 'पांजे' हें नांव आढळतें, भाईंदराचें आढळत नाहीं. पुढें चक्र कसें फिरलें पाहा. आठ लाखांच्या शहरावरून गाडी जाते आणि पाणजूचे लोक होडींतून ये-जा करतात. १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत गेली, आणि मुंबईचा नोकरदार या बाजूला येऊन राहण्याची वाट तेव्हांच मोकळी झाली. या पुलावरून जातांना गाडीच्या दाराशीं दोन मिनिटें दिसणारी खाडी हेंच कित्येकांचें आयुष्यांतील एकमेव समुद्रदर्शन असतें, आणि तेंही गर्दींत हातभर जागा मिळाली तर.

या गाडीच्या खिडकींतून पूर्वीं दोन्ही बाजूंस जी चौकटीचौकटींची चकाकणारी जमीन दिसे ती मिठागरांची. नव्या वस्तीचा फार मोठा भाग अशाच सखल खाऱ्या जमिनीच्या शेजारीं किंवा तिच्यावर उभा आहे. खारी हें गांवाचें नांवच त्याची साक्ष देतें. येथील आगरी समाजाचें नांव 'आगर' या शब्दावरून पडलें. मीठ 'पिकतें' असें ते म्हणतात, आणि पाहूं गेल्यास ती शेतीच आहे; फरक इतकाच कीं इतर शेतकरी पावसाची वाट पाहतो व आगरी तो जाण्याची. पावसाळा सरल्यावर फुटलेले बांध चिखलानें बुजवावयाचे, वाफ्यांची जमीन पायांनीं तुडवून फरशीसारखी सपाट करावयाची. नंतर उधाणाच्या भरतीला उघाडीवाटे खाडीचें पाणी आंत घ्यावयाचें. हें पाणी एकदम मिठाच्या वाफ्यांत सोडीत नाहींत. तें आधीं मोठ्या सांठवणींत, मग उथळ वाफ्यांत, असें टप्प्याटप्प्यानें फिरवीत उन्हावाऱ्यानें आटवितात. घनता मोजण्याच्या बोमे मापानें तें पंचवीस अंशांच्या आसपास आलें म्हणजे शेवटच्या वाफ्यांत घेतात. तेथें त्याच्या पृष्ठभागावर प्रथम तवंगासारखे कण धरतात व तळाशीं मीठ बसतें. उतावळेपणानें पातळ पाणी घेतलें तर मिठाला चिखलाचा रंग येतो. पाणी फार दाट होऊं दिलें तर त्यांतील कडू क्षारही मिठाबरोबर खालीं बसतात आणि चव बिघडते. सगळी कसोटी वेळ ओळखण्याची. आणि जुने आगरी ती मापाच्या नळीवांचून, पाण्याच्या रंगावरून व पायाला लागणाऱ्या स्पर्शावरून ओळखीत.

पहिला पाऊस अवेळीं आला कीं हंगामाचें पीक चार तासांत खाडीला परत जातें. यावर सरकारी कर निराळाच असे. १८८८ सालीं मिठावर मणामागें अडीच रुपये कर होता; १९०७ सालीं तो एक रुपयावर आला. पिकविणाऱ्याला मिळणाऱ्या मोलापेक्षां कर कितीतरी अधिक, ही स्थिति दांडीच्या यात्रेपूर्वीं कोणालाही विचित्र वाटत नसे, हें खरें नवल. १९३० च्या सत्याग्रहांत शिरोडें व वडाळा येथील मिठागरांवर लोकांनीं लाठ्या खाल्ल्या. कर अखेर १९४७ सालीं उठला. कर गेला, पुढें जमिनीची किंमत वाढली, आणि ज्या वाफ्यांत मीठ पिके त्यापेक्षां त्यावर घर बांधणें शतपटीनें लाभाचें झालें. हा व्यवहार समजण्यासारखा आहे. तरी खाडीच्या पाण्याला तो मान्य नसतो. जोराच्या पावसांत उधाणाची वेळ गांठून आली म्हणजे पाणी आपल्या जुन्या वाफ्यांच्या शोधांत निघतें, आणि तळमजल्याच्या बिऱ्हाडांत शिरतें. बांध आणि उघाड्या राखणारा आगरी या गोष्टींत शहराच्या इंजिनियराला कांहीं शिकवूं शकला असता.

पुन्हा उत्तनकडे वळलें पाहिजे, कारण तेथें जें पाहावयाचें तें दगडांत नसून माणसांत आहे. उत्तन, पाली, चौक येथील कोळी बहुतेक ख्रिस्ती आहेत. वसईच्या तहांत, ज्या ख्रिस्ती रयतेस येथेंच राहावयाचें असेल तिला आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक राहील, असें कलम होतें. तें पाळलें गेलें. युरोपीय पाद्री निघून गेले, त्यांच्या जागीं एतद्देशीय पाद्री आले आणि गांवचा धर्म गांवांत राहिला. डोंगरीचें बेथलेहेम मातेचें प्रार्थनामंदिर १६१३ सालचें म्हणून सांगतात. म्हणजे मराठी, इंग्रजी आणि स्वराज्य अशा तीन राजवटी त्याच्या अंगणावरून गेल्या. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, १८८७ मध्यें, मुंबई व साष्टींतील या जुन्या ख्रिस्ती समाजानें 'ईस्ट इंडियन' असें नांव घेतलें. गोव्याहून व मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपलें वेगळेपण सरकारदरबारीं दाखविणें हा त्यांत हेतु होता. नांव इंग्रजी, भाषा मात्र मराठी: हे लोक चर्चला 'देऊळ' म्हणतात, लग्नांत मराठी गाणीं म्हणतात, आणि त्यांच्या बोलींत असे कित्येक शब्द आहेत कीं जे पुण्याच्या माणसानें जुन्या पोथींतच वाचलेले असावेत. मराठीच्या अभ्यासकानें येथें आठ दिवस राहून कान उघडे ठेवले तर त्याचा वेळ फुकट जाणार नाहीं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं या समाजांत 'आगेरा' नांवाचा नव्या भाताचा सण होतो. शेतांतील पहिलीं कणसें देवळांत नेऊन आशीर्वादित करितात. नव्या धान्याची पूजा करण्याची चाल कोंकणांत सर्वत्र आहे, तिचेंच हें रूप असें म्हटल्यास कोणाला राग येण्याचें कारण नाहीं. ८ सप्टेंबरच्या सुमारास भाटेबंदरावरील वेलंकनी मातेच्या देवळांत यात्रा भरते, तींत इतर धर्मांचे लोकही पुष्कळ असतात. तारोडीकडे धारावीदेवीचें देऊळ आहे. बेटाचें आणि देवीचें नांव एकच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणें चालूच आहे. एखाद्या किनाऱ्याला समुद्रानें सारखेंच भय व सारखाच घास दिला म्हणजे त्यावरच्या माणसांचे सण एकमेकांपासून फार दूर राहूं शकत नाहींत.

उत्तनच्या वाळूवर हिंवाळ्यांत सकाळीं गेल्यास बांबूंच्या मांडवांवर ओळीनें टांगलेले बोंबील वाळतांना दिसतात. भरती-ओहोटीच्या ओढींत तोंड उघडें ठेवून रोवलेल्या पिशवीसारख्या डोल जाळ्यांत ते सांपडतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकण्यांत स्त्रियांचा हात इतका चपळ चालतो कीं पाहणाराला गणती ठेवतां येत नाहीं. वासाची ज्याला किळस असेल त्यानें तिकडे न जाणें बरें. नाकाला रुमाल लावून दुसऱ्याच्या अन्नाजवळून फिरणें सभ्यपणाचें नव्हे. १ जून ते ३१ जुलै माशांच्या विणीसाठीं यांत्रिक होड्यांना समुद्रांत जाण्याची सरकारी मनाई असते. तेव्हां होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि जाळीं दुरुस्त होत असतात. बोलकें माणूस भेटण्यास हाच हंगाम चांगला. याच जुन्या बेटाच्या दक्षिणेस, मुंबईच्या हद्दींत, गोराई येथें ८ फेब्रुवारी २००९ रोजीं उद्घाटन झालेला विपश्यनेचा विशाल पॅगोडा आहे. त्याच्या घुमटाखालीं आठ हजार माणसें ध्यानास बसूं शकतात. उत्तनला जाणारे बहुतेक लोक तो पाहून परततात, आणि चौकाची टेकडी तशीच राहते.

भाईंदरच्या पूर्वेस खाडीच्या कडेला जेसल पार्कची चौपाटी आहे. संध्याकाळीं तेथें लहान मुलें, म्हातारे, भेळवाले अशी गर्दी असते. रेल्वेचे पूल तेथून स्पष्ट दिसतात, आणि पुलावरून गाडी गेली म्हणजे मुलें अजूनही हात हालवितात. पश्चिमेकडच्या धक्क्यावरून २० फेब्रुवारी २०२४ रोजीं वसईस जाणारी मोटारीसकट माणसें नेणारी बोट सुरू झाली. जमिनीवरून वसई गांठण्यास घोडबंदरच्या पुलाचा मोठा वळसा घ्यावा लागतो. बोटीनें समोरचा तीर कांहीं मिनिटांत येतो. प्रवाशानें मोटारींत बसून राहूं नये. कठड्याशीं उभें राहून एकदां पुढें वसईच्या तटाकडे व एकदां मागें धारावीच्या डोंगराकडे पाहावें. पोर्तुगीज गलबतांच्या कप्तानांना १७३९ च्या मार्चनंतर जें भय वाटलें असेल तें मोजण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे.

चौक व पाली येथें जाणाऱ्यानें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी पंधरा फुटांच्या आसपास चढतें व उतरतें. म्हणून घड्याळाबरोबर पंचांगही पाहून निघावें. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीला तिनांनीं गुणून चारांनीं भागावें, म्हणजे भरतीचा तास येतो. अष्टमीस आठ त्रिक चोवीस, त्याचे चौथाई सहा. अर्थात् सकाळीं सहाला व संध्याकाळीं सहाला भरती, आणि ओहोटी भर दुपारीं बाराला. त्या दिवशीं अकराच्या सुमारास टेकडीखालीं पोहोंचलें तर खडक उघडे पडलेले असतात, खाडीचें मुख आखडलेलें दिसतें, आणि गलबतांना जावयास खोल पाण्याची वाट किती अरुंद राहत असे तें वरून नीट पाहतां येतें.